लुडो, लुडिक्रस आणि दशावताराचा खेळ

मी देवगडचा. पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात इतिहासात नाक खुपसतो. ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. जसा बोललो जवळपास तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे छाटलेत.

आजचा विषय आहे एक विशेषण. तेही लॅटिन. पळू नका, थांबा जरा. कारण या विशेषणाची आई तुमच्या फोनमध्ये बसली आहे. लुडो किंग आहे ना मोबाईलमध्ये? नसेल तर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नक्की होतं. नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ साली बाजारात आणलेला हा गेम. त्यातला 'लुडो' हा शब्द शुद्ध लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ एवढाच: 'मी खेळतो'.

गंमत बघा. खेळ आपला. पचिसी, चौसर, सारीपाट, काय म्हणाल ते. इंग्रजांनी तो नेला, थोडा सोपा केला, १८९६ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि नाव मात्र लॅटिन ठेवलं. मग तोच खेळ लॅटिन नावाचा सदरा घालून परत आपल्याकडे आला. आज जामसंड्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघणारा पोरगा फोन उघडतो, तेव्हा तो नकळत लॅटिन क्रियापद वापरत असतो.

या 'लुडो'चं मूळ नाम 'लूडुस', म्हणजे खेळ. आणि त्यावरून झालेलं विशेषण 'लूडिक्रुस': खेळाचा, खेळासंबंधीचा, करमणुकीचा. साधा, निरुपद्रवी अर्थ. इंग्रजीत आज 'लुडिक्रस' म्हणजे काय? हास्यास्पद. चक्रम. 'धिस इज लुडिक्रस' असं मॅनेजर म्हणाला की समजायचं, आपण दिलेलं एस्टिमेट त्याला पटलेलं नाही.

तर प्रश्न असा: 'खेळाचा' या शब्दाचा 'हास्यास्पद' कसा झाला? हे नुसतं डिक्शनरीतलं कुतूहल नाही. याचं उत्तर शोधायला गेलं की रस्ता रोमच्या कोर्टातून आपल्या जत्रेपर्यंत येतो, आणि तिथे जे दिसतं ते फार हसण्यासारखं नाही.

रोमची जत्रा

आधी 'लूडुस' या शब्दाचा पसारा बघू. पोरांचा खेळ म्हणजे लूडुस. प्राथमिक शाळा म्हणजे पण लूडुस. ग्लॅडिएटरना जिथे तयार करत ती तालीमसुद्धा लूडुस. आणि अनेकवचनात 'लूडी' म्हटलं की देवाच्या नावाने भरणारे सार्वजनिक उत्सव. रथांच्या शर्यती, मिरवणुका आणि नाटकं. आपल्या भाषेत सांगायचं तर जत्रा.

लिव्ही नावाचा रोमन इतिहासकार सांगतो की इसवी सन पूर्व ३६४ मध्ये रोममध्ये रोगाची साथ आली होती. काही केल्या हटेना. मग देवांचा कोप शांत करायला शेजारच्या एट्रुरियातून खेळ करणारे लोक बोलावले. ते बासरीच्या सुरावर नाचले. लिव्हीच्या मते रोमन रंगभूमीची सुरुवात ही अशी. पुढे इसवी सन पूर्व २४० मध्ये लिव्हिअस अँड्रोनिकसने लिहिलेलं, कथानक असलेलं नाटक आणलं. पण मूळ काय? देवासाठी केलेला खेळ. आणि तो इतका गंभीर की नाचणारा मध्येच थांबला किंवा बासरीवाला अचानक गप्प झाला तर विधीत खंड पडला असं मानत. मग सगळं पुन्हा करावं लागायचं.

सिंधुदुर्गातल्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवाची पालखी देवळाभोवती फिरते, बायका ओट्या भरतात, बाहेर खाज्याची दुकानं लागतात, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार उभा राहतो. जुनी माणसं त्याला धयकालो म्हणतात, कारण पहाटे नाटक संपल्यावर दहीकाला होतो. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टेजवर एक बाकडं. एका बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. हातात स्क्रिप्ट नाही. आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि संवाद तिथल्या तिथे, तोंडाला येतील तसे. स्त्रीपात्रं पुरुषच करतात. मेकअप ज्याचा तो करतो.

सुरुवातीला पूर्वरंग असतो: गणपती, ऋद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, विष्णू. आणि मग येतो काळ्या पोशाखातला संकासूर. वेद चोरणारा राक्षस. पण प्रेक्षक त्याला घाबरत नाहीत, त्याची वाट बघत असतात. देव पुस्तकी मराठीत बोलतात आणि हा मालवणीत. भटजीची टर उडवतो, समोर बसलेल्या सरपंचाला चिमटा काढतो, गावच्या रस्त्यावरचे खड्डे मोजतो. शेवटी विष्णू त्याला मारतो, पण तोवर त्याने सगळ्यांना हाणलेलं असतं. मग उत्तररंगात मुख्य आख्यान.

याला आपण काय म्हणतो? 'आज कोणाचो खेळ?' असंच विचारतो. लॅटिनमध्ये जे लूडुस तेच मालवणीत खेळ. रोममध्ये देवासाठी, इथेही देवासाठी. माझ्या मते दोन टोकांच्या दोन समाजांनी एकमेकांना न विचारता एकाच शब्दात खेळ, उत्सव आणि नाटक कोंबलं, आणि हे मला फार आवडतं.

पण पुढची गोष्ट आवडण्यासारखी नाही.

कला त्यांची, कलंकही त्यांचा

रोममध्ये नटाच्या धंद्याला नाव होतं 'आर्स लूडिक्रा'. आर्स म्हणजे कला, लूडिक्रा हे आपल्या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप. म्हणजे 'खेळाची कला'. किती छान नाव! आता हे नाव सर्वात ठळक कुठे सापडतं? कायद्यात. आणि कायदा काय म्हणतो? की जो माणूस आर्स लूडिक्रासाठी रंगमंचावर उतरला तो 'इन्फामिस'. बदनाम. हे 'लोक काय म्हणतील' टाइप नाही. कायदेशीर दर्जा होता तो, आपल्या डेटाबेसमध्ये एखाद्या युजरवर फ्लॅग लावावा तसा. आणि एकदा तो फ्लॅग लागला की पुढचे बरेच ॲक्सेस बंद.

कोर्टात दुसऱ्याच्या वतीने उभं राहण्यावर बंधनं. दक्षिण इटलीत हेराक्लिया इथे एक कांस्यपट सापडला आहे, त्यावर गावच्या कौन्सिलमध्ये कोणाला बसता येणार नाही याची यादी आहे. त्यात आर्स लूडिक्रा करणारे आहेत. म्हणजे आपल्या भाषेत, नटाला ग्रामपंचायतीत सदस्य होता येणार नाही. ऑगस्टसच्या काळात, इसवी सन पूर्व १८ मध्ये, लग्नाचा कायदा झाला. त्यात सिनेटरच्या घरातल्यांना नट-नटीशी लग्न करायला बंदी. आणि नुसती नट-नटीशी नाही, ज्यांच्या आई किंवा वडिलांनी हा धंदा केला त्यांच्याशीही.

आता यातला विरोधाभास बघा. ज्या देवासाठी खेळ करायचा तो देव पवित्र. उत्सव सरकारी खर्चाने. प्रेक्षक हजारोंनी. आणि प्रत्यक्ष खेळणारा बदनाम. रोमन लोकांनाही हे कुठेतरी कळत असावं, कारण त्यांनी एक पळवाट ठेवली होती. 'आटेलाना' नावाची मुखवटे घालून करायची एक फार्स होती. ती रोमन तरुणांनी स्वतःकडे ठेवली, व्यावसायिक नटांना हात लावू दिला नाही. आणि मग तिच्यात काम करणाऱ्याला बदनामी लागू नाही. त्याचा मताधिकाराचा गट शाबूत, सैन्यातली भरती शाबूत. म्हणजे आपल्या पोरांनी गॅदरिंगमध्ये नाटक केलं तर कौतुक, आणि ज्याचं पोट त्यावर आहे त्याला कलंक. ओळखीचं वाटतंय ना?

एक गोष्ट सांगतो. इसवी सन पूर्व ४६. ज्युलियस सीझर शत्रूंना हरवून परत आलाय, रोममध्ये मोठे खेळ चालू आहेत. डेसिमस लाबेरिअस नावाचा एक लेखक होता, वय साठ. तो प्रहसनं लिहायचा, पण स्वतः रंगमंचावर जायचा नाही, कारण तो घोडेस्वारांच्या मानाच्या वर्गातला. सीझरने त्याला स्वतःच्याच प्रहसनात काम करायला लावलं. हुकूमशहाला नाही कोण म्हणणार? म्हातारा उतरला. सुरुवातीच्या निवेदनात त्याने आपली खंत भर सभेत बोलून दाखवली आणि सीझरला दोन टोलेही हाणले. खेळ संपला आणि त्याचबरोबर त्याचा वर्गही गेला. सीझरने त्याला पाच लाख सेस्टर्स दिले आणि सोन्याची अंगठी दिली. अंगठी म्हणजे मानाच्या वर्गात परत प्रवेश. लाबेरिअस उठून आपल्या जुन्या रांगेकडे गेला. घोडेस्वारांसाठी पुढच्या चौदा रांगा राखीव असायच्या. आणि तिथे कोणी सरकेचना. जागाच दिली नाही. सीझरने अंगठी दिली, पण बाकड्यावरची वीतभर जागा त्यालाही देता आली नाही.

आमच्याकडे दशावतारी नटाबद्दल एक म्हण आहे: राती राजा, सकाळी बोजा. रात्रभर दुर्योधन, हरिश्चंद्र, इंद्र. आणि पहाटे पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट. लाबेरिअसला ही म्हण कळली असती.

आणि एकच उदाहरण उलट्या दिशेचं. थिओडोरा. कॉन्स्टँटिनोपलची नटी. युवराज जस्टिनियन तिच्या प्रेमात पडला, पण पाचशे वर्षांपूर्वीचा ऑगस्टसचा कायदा आडवा आला. मग इसवी ५२० च्या दशकात सम्राट जस्टिनने कायदाच सैल केला, धंदा सोडलेल्या नटींना लग्नाची मुभा दिली आणि ती पुढे सम्राज्ञी झाली. नीट बघा हं, 'धंदा सोडलेल्या'. खेळत राहून सन्मान मिळाला नाही. खेळ सोडला तेव्हा मिळाला.

शब्द घसरतो कसा

आता विशेषणाकडे परत. 'लूडिक्रुस' लॅटिनमधून इंग्रजीत १७ व्या शतकात आलं तेव्हा त्याचा अर्थ अजून 'खेळकर, गमतीचा' होता. १८ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो 'हास्यास्पद' झाला. खेळासंबंधी, मग गमतीचं, मग गंभीरपणे न घेण्यासारखं, मग हसण्यावारी नेण्यासारखं. एकेक पायरी इतकी छोटी की उतरताना कळत नाही.

याच खेळणाऱ्या क्रियापदाची बाकीची भावंडं बघा. 'इल्युजन', म्हणजे भ्रम. 'डिल्यूड', फसवणं. 'कोल्यूड', संगनमत करणं, मुळात 'एकत्र खेळणं'. खेळातून फसवणूक निघाली. नटासाठी लॅटिनमध्ये दुसरा शब्द होता 'हिस्त्रिओ', तो एट्रुस्कनमधून आलेला. त्याचं इंग्रजीत 'हिस्ट्रिऑनिक' झालं. अर्थ? नाटकी.

खेळकरपणाचं आणखी एक लॅटिन विशेषण होतं, 'लास्कीवुस'. उड्या मारणारं करडू असतं ना, तसं. अवखळ. तेच इंग्रजीत 'लॅसिव्हियस' झालं, म्हणजे कामुक, चारचौघांत न बोलण्यासारखं. आणि भाषाशास्त्रज्ञ ज्या संस्कृत शब्दाशी त्याचं नातं जोडतात तो आपल्या घरातला आहे: लालसा. संस्कृतात 'लस्' धातू आहे. चमकणं, बागडणं, खेळणं. त्यातून उल्हास आला, लास्य आलं, विलास आला. आता विलास म्हणजे मूळ खेळ, क्रीडा. आज कोणाला 'विलासी' म्हणून बघा. शिवी नाही, पण कौतुकही नाही.

म्हणजे हा फक्त लॅटिनचा प्रॉब्लेम नाही. आता आपली मराठी काढू.

'तमाशा' हा शब्द अरबी, फारसीतून आला. मुळात चार लोकांनी मिळून फेरफटका मारणं, मौज बघणं. मराठीत ती एक लोककला झाली, जिने शाहीर दिले, लावणी दिली. आणि आज घरात भांडण झालं की आई काय म्हणते? 'शेजारी ऐकतील, तमाशा नको करू.' नाटक: 'नाटकं पुरे.' सोंग: 'आजारपणाचं सोंग.' खेळ: 'पोरखेळ आहे का हा?' आणि सगळ्यात वरचढ, खेळखंडोबा. कला सांगणारा एकही शब्द आपण धडधाकट ठेवलेला नाही.

अपवाद एकच आहे आणि तो बघण्यासारखा आहे. शहरातल्या नाट्यगृहात जे होतं त्याला आपण 'प्रयोग' म्हणतो. 'आज पन्नासावा प्रयोग.' शास्त्रीय, लॅबमधला वाटणारा शब्द. खेळ कोणाचा? दशावताराचा, सिनेमाचा, सर्कशीचा, डोंबाऱ्याचा, बाहुल्यांचा. तीच माणसं, तोच रंग, तेच टाळ्या घेणं. पण एकाचा प्रयोग आणि दुसऱ्याचा खेळ. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, त्यावरून आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. आणि दशावतार? रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा उल्लेख आहे, म्हणजे १७ व्या शतकातला. ते सांगतात की तिथे डोळे मोडणाऱ्या सुंदर बायका दिसतात, पण असतात सगळे धटिंगण पुरुष. रामदास नट वाईट असं म्हणत नव्हते, दिसणं आणि असणं वेगळं हे सांगत होते. पण एवढं नक्की की भाव्यांच्या दीड-दोनशे वर्षं आधी महाराष्ट्रात दशावतार खेळला जात होता, आणि क्रियापद तेव्हाही 'खेळणं' हेच होतं.

आपल्याकडे बदनामीचं हे काम जात करत होती. पट्ठे बापूरावांचं बघा. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे, जन्म १८६६. ब्राह्मण घरातला मुलगा लावणीच्या नादाने तमाशात गेला, पवळाबाईंबरोबर फड गाजवला. जातीने दार बंद केलं. १९४५ मध्ये गेले, शेवटचे दिवस हलाखीत. लाबेरिअस आणि बापूराव यांच्यामध्ये जवळपास दोन हजार वर्षं आहेत, आणि बाकड्यावर न सरकणारी माणसं तीच.

पण पवळाबाईंचं काय? त्या तर दलित घरातल्या. त्यांच्यासाठी दार बंद करायची वेळच आली नाही, ते कधी उघडंच नव्हतं. बापूरावांनी काय गमावलं हे आपण चवीने सांगतो, कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी होतं. बहुतेक खेळणाऱ्यांकडे नसतं.

मला या सगळ्यातून एक साधं कोष्टक दिसतं. देव खेळला की त्याला लीला म्हणतात. आपल्या दर्शनांत अख्खी सृष्टीच ईश्वराची लीला मानली आहे. प्रतिष्ठित माणूस खेळला की कला. आणि गरीब माणूस पोटासाठी खेळला की तमाशा. क्रिया एकच, शब्द कर्त्याची ऐपत बघून ठरतो.

खेळ म्हणजे गंभीर नाही, असं कोण म्हणालं?

इथे एका डच माणसाला आणायला हवं. योहान हाउझिंगा. १९३८ साली त्याचं 'होमो लुडेन्स' हे पुस्तक आलं. म्हणजे 'खेळणारा माणूस'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खेळ हा संस्कृतीतला रिकामा वेळ नाही. कायदा, युद्धाचे नियम, काव्य, पूजा, तत्त्वज्ञान, हे सगळं खेळाच्या रूपातच वाढलं. आणि खेळ गंभीरतेच्या उलट नसतो. बुद्धिबळ खेळणारा माणूस हसतो का? दशावतारात द्रौपदीची भूमिका करणारा हसतो का?

आता आपल्या कामाची गोष्ट. हाउझिंगाने १८९७ साली डॉक्टरेट कशावर केली होती माहितीय? संस्कृत नाटकातल्या विदूषकावर. जगाला खेळाचं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाची सुरुवात आपल्या विदूषकापासून झाली. पुढे त्याच्या पुस्तकात निरनिराळ्या भाषांतल्या खेळाच्या शब्दांवर एक प्रकरण आहे, त्यात संस्कृतही आहे: क्रीडा, लीला, आणि तो आपला 'लस्'. मला नेहमी वाटतं, या माणसाला एकदा आमच्या जत्रेत आणून संकासुरासमोर बसवायला हवं होतं. तसं झालं नाही. नाझींनी १९४२ मध्ये त्याला अटक केली, नंतर घरापासून दूर ठेवलं, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये, हॉलंड पूर्ण मुक्त व्हायच्या थोडं आधी, तो गेला. खेळावर लिहिणाऱ्याला हुकूमशाही का घाबरते, हा प्रश्न विचारून बघा.

उत्तर आपल्याकडेच आहे. १८७६ साली इंग्रज सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. जर नाटक म्हणजे नुसता पोरखेळ, तर साम्राज्याला कायदा कशाला लागतो? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये आलं. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये बंदी आली. सरकारने खेळ गंभीरपणे घेतला. आपणच घेत नव्हतो.

आणि आपला मालवणी मास्टरपीस? गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं 'वस्त्रहरण', १९८० साली रंगमंचावर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोग केले. कोकणातल्या गावात लोक द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि सगळा गोंधळ उडतो. लॅटिन अर्थानेही लूडिक्रुस, इंग्रजी अर्थानेही लुडिक्रस. पण त्या नाटकाने एक काम केलं. 'मालवणी म्हणजे घरात बोलायची, मुंबईत लपवायची' हा समज मोडला. हसत हसत मोडला. भाषणाने झालं असतं का ते?

मग अडचण कुठे आहे

आता तुम्ही म्हणाल, आज काय तसं राहिलंय का? सन्मान मिळतात की. मिळतात. कुडाळजवळच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे, चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जपणारे, त्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. २०२५ मध्ये 'दशावतार' नावाचा सिनेमा आला, दिलीप प्रभावळकर त्यात दशावतारी कलावंताच्या भूमिकेत, आणि शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये लोकांनी तो तिकीट काढून बघितला. मला मनापासून आनंद झाला.

पण सोन्याची अंगठी आठवा. रोममध्येही रोसिअस नावाचा नट होता, इतका मोठा की सिसेरो त्याचा वकील होता आणि सुल्लाने त्याला मानाच्या वर्गात घेतलं. एका रोसिअसला अंगठी मिळाली, आणि बाकी नटांचा फ्लॅग तसाच. सन्मान व्यक्तीला मिळतो आणि कलंक धंद्याला राहतो, ही जुनी पद्धत आहे. एकाला वर उचललं की बाकीच्यांकडे बघायची गरज उरत नाही.

माझ्या ओळखीचा एक जण आहे, माझ्याच वयाचा. आयटीआय केलाय, हापूसच्या सीझनला बागेत काम करतो, आणि जत्रा सुरू झाल्या की दशावतारात स्त्रीपात्र करतो. तारामती करतो तेव्हा मांडवातल्या म्हाताऱ्या बायका पदर डोळ्याला लावतात. स्क्रिप्ट नसताना तीन तास. मी स्टँडअप मीटिंगमध्ये तीन मिनिटं बोलताना अडखळतो. त्याच्या लग्नाचं बघत होते. स्थळ आलं, पत्रिका जुळली, आणि मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? मध्यस्थ म्हणाला, 'बाग आसा, आणि थोडो खेळ करता.' पुढचं बोलणं झालंच नाही. त्याची आई मला म्हणाली, 'बाबू, तू सांग मा त्येंका, आमचो झील कलाकार आसा म्हणान.' मी फोन केला, सांगितलं. समोरून उत्तर आलं, 'हो हो, आवड म्हणून ठीक आहे.'

आवड म्हणून ठीक आहे. आटेलानाचा नियम, शब्दाला शब्द.

आणि याच माणसाच्या नाटकाची क्लिप कोणीतरी उभं राहून मोबाईलवर काढते, ट्रिकसीनचा भाग कापून रील टाकते. लाईक त्या अकाउंटला, नाईट मात्र याला एकाच रात्रीची. हा हिशोब मी त्याला विचारला तर तो हसला आणि म्हणाला, 'मेल्या, संकासूर वेद चोरून नेता, तसा हां ह्या. पण विष्णू अजून एन्ट्री घेऊक नाय.'

एवढ्या एका वाक्यात माझा अख्खा एपिसोड बसतो. त्याने तक्रार केली, पण खेळून. आणि ती लागली.

म्हणून मला वाटतं, नवीन भारदस्त शब्द शोधण्यापेक्षा जुनाच शब्द सरळ करावा. युरोपातल्या अभ्यासकांनी 'लुडिक्रस' बिघडला म्हणून २० व्या शतकात 'लुडिक' असं ताजं विशेषण घेतलं, पुन्हा एकदा 'खेळासंबंधी' एवढ्याच अर्थाचं. बग दुरुस्त न करता नवीन व्हेरिएबल काढावा तसं. आम्हीही 'सादरीकरण', 'परफॉर्मिंग आर्टिस्ट' असे शब्द काढतो. काढा, हरकत नाही. पण 'खेळ' हा शब्द मला टाकायचा नाही. त्यात जत्रा आहे, पोरं आहेत, देव आहे. मराठीत 'खेळकर' हे विशेषण अजून बरंच शाबूत आहे बघा. खेळकर मूल, खेळकर स्वभाव. त्यात हिणवणूक नाही. आपण ते फक्त नटाला लावत नाही.

तर यंदाच्या जत्रेत तीन गोष्टी करून बघा. खेळ सुरू व्हायच्या आधी मांडवामागे जा, रंग लावणं चाललेलं असतं, तिथे नाव विचारा. पात्राचं नाही, माणसाचं. क्लिप टाकलीत तर ते नाव आणि कंपनीचं नाव खाली लिहा, आणि अख्खं नाटक उचलून टाकू नका. आणि कोणी घरात विचारलं की अमुक काय करतो, तर 'थोडो' हा शब्द काढून टाका. 'खेळ करता', एवढंच म्हणा, आणि आवाज खाली घेऊ नका.

तुमच्या गावात, तुमच्या बोलीत खेळणाऱ्या माणसाला काय म्हणतात? खेळे, खेळगडी, सोंगाडी, अजून काही? व्हॉइस नोट पाठवा, शब्दाबरोबर तो कौतुकाने म्हणतात की हिणवून, तेही सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि लुडो खेळताना सोंगटी मारलीत तर भांडू नका.

येतंय मा, भेटूया.